अंडाकृती अनुस्वार

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या एका कार्यालयात मी मराठी मजकुराची मुद्रितं तपासते. काना, मात्रा, रफार, अनुस्वार यांच्याशी दिवसभर गाठ. गेल्या हिवाळ्यात माझा जुना मॉनिटर गेला आणि 24 इंची 'फुल एचडी' आला. आयटीवाल्या मुलाने जुनीच निळ्या तोंडाची व्हीजीए केबल लावली, चित्र आलं, ''हो गया मॅडम'' म्हणाला आणि गेला.

चित्र आलं होतं खरं, पण अक्षरं कुणीतरी वरून दाबून बसवल्यासारखी. अनुस्वाराचं टिंब गोल नाही, आडवं, अंडाकृती. शिरोरेखा एका ओळीत काळीभोर, पुढच्या ओळीत करडी. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जातं. आपल्याकडे निम्मा कारभार शिरोरेखेच्या वर चालतो. 'वर्षात' की 'वर्षांत'? रफार कुठे संपतो आणि टिंब कुठे सुरू होतं, तेच कळेना. माझा पगार त्या टिंबासाठीच आहे.

डिस्प्ले सेटिंग उघडलं. रेझोल्यूशन 1024 × 768, आणि यादीत 1920 × 1080 नाहीच. सपाट पडद्यावरचे ठिपके कारखान्यातच पक्के झालेले असतात. या पडद्यावर आडवे 1920, उभे 1080, मिळून 20,73,600. त्यावर 1024 × 768 चं चित्र पसरायचं तर आडवं पावणेदोन पटींहून जास्त ताणावं लागतं, उभं जेमतेम 1.4 पट. म्हणून टिंबाचं अंडं. आणि एका ठिपक्याची शिरोरेखा 1.4 ठिपक्यांवर बसवायची कशी? अर्धामुर्धा ठिपका नसतो, मग शेजारचा करडा करून वेळ मारून नेली जाते.

पण यादीत योग्य आकडा का नाही? संगणक मॉनिटरला केबलमधूनच विचारतो, तू कोण, तुला किती झेपतं. व्हीजीएच्या 15 पिनांपैकी 12 आणि 15 क्रमांकाच्या पिना या चौकशीसाठी असतात. केबल काढून खिडकीपाशी धरली. अरुंद बाजूच्या ओळीत, कडेपासून दुसरी पिन साफ आडवी झोपलेली. (मधल्या ओळीतली एक तर नव्हतीच; ती बऱ्याच केबलींत मुद्दामच नसते.) लाल, हिरवा, निळा हे पहिल्या तीन पिनांतून जातात, त्या ठणठणीत, म्हणून चित्र दिसत होतं. ओळख मात्र पटत नव्हती, आणि अनोळखी पाहुण्याला संगणकाने आपलं बेताचं रेझोल्यूशन वाढलं.

पिन सरळ करायच्या भानगडीत पडले नाही. व्हीजीए ही आयबीएमने 1987 साली आणलेली, काचेच्या नळीच्या पडद्यांसाठीची सोय. तिच्यातून रंग कमीजास्त व्होल्टेजच्या रूपात जातात. संगणक आकड्यांचं व्होल्टेज करणार, मॉनिटर त्याचे पुन्हा आकडे करणार, आणि केबल स्वस्तातली असली की योग्य रेझोल्यूशनलाही कडा मऊ पडणार. मॉनिटरला एचडीएमआय होतं. संगणकाला मात्र डिस्प्लेपोर्ट.

मंडी हाउसहून मेट्रोची व्हायोलेट लाइन थेट नेहरू प्लेसला, संगणकांच्या बाजारात जाते; केबल आणायला तिथे गेले. दुकानदाराने केबल दाखवण्याआधीच विचारलं, ''किधर से किधर?'' मी म्हटलं, संगणकाला डीपी, मॉनिटरला एचडीएमआय. ''तो ये चलेगी. उल्टा नहीं चलेगा.'' दोन्ही टोकांची नावं तीच असली तरी ही वाट एकेरी. बहुतेक संगणकांचा डिस्प्लेपोर्ट गरजेला एचडीएमआयच्या भाषेत बोलतो. एचडीएमआयला डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही, तिथे वीज लागणारा वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

नवी केबल लावताच 1920 × 1080 आपोआप आलं. 'वर्षांत'वरचं टिंब गोल, रफारापासून सुटं.

आमच्या याच रस्त्यावर दूरदर्शन भवन आहे. लहानपणी आम्ही ज्या चित्रासमोर तासन्‌तास बसलो ते 625 रेषांचं, त्यातल्या 576 रेषांतच चित्र. कुणाची तक्रार नव्हती. पण ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहून चेहरे बघायला होतं, हातभर अंतरावरून अनुस्वार मोजायला नव्हे.

शेजारच्या टेबलावरच्या काकांना मात्र माझा पडदा पाहून धास्ती बसली. ''ताई, अक्षरं केवढी बारीक झाली! माझं आहे तसंच राहू द्या हो.'' मोठ्या अक्षरांसाठी रेझोल्यूशन उतरवून ठेवणारे घरोघरी आहेत. काकांचं रेझोल्यूशन मी पूर्ण वर नेलं आणि 'स्केल' 125 टक्के केलं. यात तयार चित्र ताणलं जात नाही, अक्षरच जास्त ठिपके वापरून नव्याने काढलं जातं. काकांनी चष्मा वर सरकवला, खाली घेतला, आणि कामाला लागले.

आता कार्यालयाला 4के मॉनिटर हवे आहेत. 82,94,400 ठिपके सेकंदाला 60 वेळा पाठवायचे, तर एचडीएमआय 1.4 ला ते पेलत नाही, ते 30 वर थांबतं आणि माउसचा बाण रखडत चालतो. म्हणून मागणीपत्रात नुसतं 'एचडीएमआय' न लिहिता 'एचडीएमआय 2.0 किंवा डिस्प्लेपोर्ट 1.2' लिहायला लावलं. खरेदी विभागातून फोन आला, पुढचा आकडा हवाच का? हवाच.