खुंटीवरची किल्ली

गेल्या सुटीत आम्ही बुरोंडीला मेव्हण्यांकडे उतरलो होतो. "पप्पा, बंदरावरून मासळी आणतो," असे म्हणत सोळा वर्षांच्या चिरंजीवांनी हात पुढे केला आणि मी मोटारसायकलची किल्ली निमूट दिली. परवाना नाही, हे ठाऊक असून!

१ सप्टेंबर २०१९ पासून अशा अपराधात पालकच दोषी ठरतो : २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्या नकळत घडले, असे सिद्ध केल्यास पालकाची सुटका. मला ते कोणत्या तोंडाने सांगता आले असते?

तासाभराने तो बांगडे घेऊन परतला. खुंटीवरची किल्ली मी खिशात घातली.

"रागावलात, पप्पा?"

रागावलो होतो, त्याच्यावर नव्हे.