निळूची हाक

पाचू गेली त्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येकजण एकच सांगत होता, "दुसरी आणा, म्हणजे निळू विसरेल." सगळे मायेनंच सांगत होते. तरी ते 'विसरेल' मला टोचत राहिलं.

निळू आणि पाचू ही आमची बजरीगरांची जोडी. दुकानात लव्ह बर्ड्स म्हणून मिळतात, तेच हे पक्षी. मूळचे ऑस्ट्रेलियातले. जॉन गूल्डनं १८४० मध्ये ते इंग्लंडात नेले आणि पुढं जगभर घरोघरी त्यांचे पिंजरे टांगले गेले. मायदेशी ते हजारोंच्या थव्यानं हिंडतात, त्यामुळे एकटेपण त्यांना सोसत नाही. स्वित्झर्लंडच्या २००८च्या नियमांनुसार असे पक्षी एकेकटे ठेवताच येत नाहीत.

बजरीगर नर आपल्या मादीला भरवतो. मान वरखाली हलवत खाल्लेले दाणे वर आणतो आणि तिच्या चोचीत घालतो. पाचू गेल्यावर निळू झोक्याच्या घंटीला भरवू लागला. राळे मी बंगळूरच्या यशवंतपूर मार्केट यार्डातून आणते, इथं कन्नडमध्ये त्यांना नवणे म्हणतात. त्याच राळ्यांचा ओला लगदा रोज घंटीवर चिकटलेला असायचा. मी घंटी धुऊन ठेवायची आणि दुपारपर्यंत ती पुन्हा माखायची. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती काढली. भरवून भरवून पक्षी खंगतो, असं ते म्हणाले.

आणि त्याची ती हाक! संध्याकाळी रानपोपटांचे थवे टाटा इन्स्टिट्यूटच्या झाडांकडं परतू लागले की निळू जाळीला बिलगून ओरडायचा. बजरीगरांच्या आवाजांचा अभ्यास झाला आहे. जोडी जमते तेव्हा नर काही आठवड्यांत मादीची हाक उचलतो आणि तिच्यासारखीच घालू लागतो. हे वाचलं आणि मी सुन्न झाले. म्हणजे निळू दिवसभर जी हाक घालत होता, ती पाचूचीच होती. ती गेली, तिचा आवाज मात्र त्याच्या गळ्यात राहिला होता. त्याला आपण काय म्हणून 'विसर' सांगायचं?

शेजारच्या अज्जी म्हणाल्या, पोपट आणा, बोलतो तरी. पण आपला हिरवा पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि बसलं असतं तरी आकाशातला पक्षी निळूच्या सोबतीसाठी पिंजऱ्यात घालायला माझा हात धजला नसता. दुकानातून कोवळं पिल्लू आणणंही पटेना. निळू वयस्कर. उद्या तो गेला की ते पिल्लू एकटं, मग त्याला आणखी एक. ही साखळी संपायची कधी?

अशात मत्तीकेरेतल्या एका वृद्ध जोडप्याविषयी कळलं. मुलाकडं कायमचे चालले होते आणि त्यांची चिमी एकटी उरली होती. पिवळी, नाकावरचा पट्टा तपकिरी, वयानं निळूच्याच आसपास. तिचाही जोडीदार गेलेला. आजींनी पिंजऱ्यासोबत तिचा जुना झोका आणि अर्धी राहिलेली समुद्रफेणी दिली. "नाव बदलू नका हो," एवढंच म्हणाल्या. बदलायचा प्रश्नच नव्हता. नातलगांनी हिलाही पाचूच म्हणा असं सुचवलं होतं, पण गेलेल्या जिवाचं नाव दुसऱ्यावर चढवणं मला दोघींवरही अन्याय वाटतो.

चिमीला घरी आणलं ते थेट आतल्या खोलीत, दार लावून. नवा पक्षी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. पोपटवर्गातल्या पक्ष्यांचा सिटॅकोसिस वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतो, माणसालाही होतो. म्हणून आधी निळूचं दाणापाणी, मग चिमीचं, आणि मध्ये हात धुणं. गेलेला पक्षी कशानं गेला हेही आधी कळायला हवं, नाहीतर तोच रोग मागं राहिलेल्याला आणि नव्याला गाठतो. हे सोवळं घरातल्यांना जाचक वाटलं. मला ते दोघांचं देणं वाटलं.

भिंतीआडून दोघं बोलू लागले होते. मग पिंजरे शेजारी आले. थेट निळूच्या पिंजऱ्यात तिला सोडलं नाही, कारण स्वतःच्या जागेवरून हे पक्षी, विशेषतः माद्या, चांगल्याच चावतात. खिडक्या लावून, पंखा बंद करून दोघांना खोलीत मोकळं सोडलं, दाण्याच्या दोन वाट्या दोन टोकांना ठेवल्या. पहिल्यांदा चिमीनं त्याला पडद्याच्या दांडीवरून हुसकावलं. निळू हातभर सरकला आणि तिथंच बसून राहिला. पुढं कधीतरी त्यानं मान वरखाली हलवली आणि तिनं चोच पुढं केली.

त्यानंतर त्याची हाक बदलत गेली. शेवटचा चढा सूर आखूड झाला, चिमीसारखा. पाचूचा आवाज आमच्या घरातून खऱ्या अर्थानं तेव्हा गेला आणि त्या रात्री मी रडले. निळूवर मात्र राग आला नाही. त्याला उत्तर देणारं कुणीतरी हवं होतं आणि ते त्याला मिळालं.

तुमच्याकडं जोडीतला एकच पक्षी उरला असेल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी ओळखीपाळखीत, सोसायटीत, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडं विचारा. असाच एकटा पडलेला दुसरा पक्षी कुणाकडं तरी असेल. त्याला आणा.