चूलबंद

आमच्याकडे आवतणाचे दोन प्रकार. घरटी एक, आणि चूलबंद. घरटी एक म्हणजे कर्त्या माणसानं यावं, पंगतीला बसावं, आहेर टेकवावा आणि निघावं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटता कामा नये. खाटेवरची म्हातारी, पाळण्यातलं पोर, शेतावरचा सालदार, आदल्या रात्री अवचित उतरलेला पाहुणा, सगळे आमच्या मांडवात. माणसं मोजायचीच नाहीत, चुली मोजायच्या. मध्य प्रदेशातल्या सौसर-पांढुर्ण्याकडं लग्नाची यादी अशीच होत आली. अमक्याची एक चूल, तमक्याचे भाऊ वेगळे निघाले म्हणून त्यांच्या तीन.

यंदा पुतणीचं लग्न बालीला आहे. मोजून बेचाळीस माणसं. भावाचा पुण्याहून फोन आला, "गावाकडचं तू बघ." बघ म्हणजे आवतण देऊ नकोस, नुसतं सांगून ये. लग्नाचं सांगायचं आणि बोलवायचं मात्र नाही, हे काम आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या वाट्याला आलं नसावं.

पत्रिका सुरेख आहे. जाड कागद, त्यावर बोटाला लागणारी फुलं, आत दोघांची नावं आणि निळं पाणी. मी सवयीनं खालची ओळ शोधली. नजरचुकीनं पत्रिका मिळाली नसल्यास हीच पत्रिका समजून अगत्य यावे, ती. ती नव्हती. असणार कशी? इथं नजरचुकीला जागाच नाही. हॉटेलला प्रत्येकाचं नाव पासपोर्टावर आहे तसंच लागतं, आणि तो पासपोर्ट पोचल्याच्या दिवसापासून पुढं सहा महिने तरी चालणारा हवा. जुनी पत्रिका वाटेत कुणाच्या हाती पडली तर तोही आमचा पाहुणा व्हायचा. ही पत्रिका हाती पडलेल्याला काहीच उपयोगाची नाही.

तरी पहिली पत्रिका देवालाच. आमच्या घरी ती जामसांवलीला जाते. पाटीवर जामसांवली, तोंडी मात्र जामसावळी. इथला मारुती उभा नाही, पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. जुनी माणसं सांगतात की मूर्तीखालचं धन काढायला चोर आले, तेव्हा उभा देव आडवा झाला, तो कुणाला हललाच नाही. 2023 मध्ये हनुमान लोकाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून गर्दीही वाढली आहे. शेंदराच्या अंगाशी पत्रिका ठेवताना मला हसू आलं. समुद्र ओलांडायला ज्याला ना विमान लागलं ना व्हिसा, तोच इथं निवांत पडलेला. आणि पुतणीच्या हॉटेलापासून जवळ, उलुवाटूच्या कड्यावर, रोज संध्याकाळी उघड्या अंगाचे पुरुष गोल बसून 'चक-चक' असा गजर करतात आणि मधोमध हनुमान आगीतून उड्या मारतो. केचक म्हणतात त्या नाचाला. म्हणजे आमच्याकडचा एक पाहुणा आधीच तिथं पोचलेला आहे, बेचाळीसांत न धरता.

लग्न कायद्यानं लावायचं म्हणून दोघांनी पुण्यात नोंदणीची नोटीस दिली. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे ती कचेरीच्या फलकावर लागते आणि तीस दिवस थांबावं लागतं. या अख्ख्या लग्नात साऱ्या जगाला खुलं असलेलं आवतण तेवढंच, तेही हरकत घ्यायला!

आकड्यांची सवय आम्हाला टाळेबंदीनं लावली. 1 मे 2020 च्या केंद्राच्या आदेशात लग्नाला पाहुणे पन्नासांहून जास्त नकोत असं होतं. तेव्हा कुणी रुसलं नाही, कारण 'सरकारनं सांगितलं' म्हणता येत होतं. आता ते म्हणता येत नाही. नोव्हेंबर 2023 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी लग्नं परदेशात कशाला, देशातच करा, असं आवाहन केलं. बरोबर असेल. पण सौसरच्या ओसरीवरून बघितलं तर बाली काय आणि उदयपूर काय, यादीत नसलेल्याला दोन्ही सारखीच लांब.

पोरीची बाजू मी घेतोच. तिला तिच्या लग्नात ओळखीचे चेहरे हवेत. आमच्या लग्नात हजार माणसं जेवली, त्यातली नऊशे मला आजही सांगता यायची नाहीत. मांडवावर जांभळीचे डहाळे टाकणाऱ्यांची नावं मात्र सगळी पाठ आहेत, आणि खरी अडचण तिथंच आहे.

त्यांतली एक आत्याबाई. देवळातून निघालो तो तिच्याकडं. ओसरीवर बसून वेचलेल्या कापसातला पाला काढत होती. मी पेढे ठेवले, फोटो दाखवला.

"कोठी हाय लगन?"

"बालीले."

"बाली? तो सुग्रीवाचा भाऊ?"

गाव आहे म्हणालो, समुद्रापलीकडं. तिथं उतरलं की व्हिसाचे पाच लाख रुपिया मोजावे लागतात, असं सून मोबाइलवर वाचून म्हणाली. आत्याबाईच्या हातातला कापूस तसाच राहिला. त्यांचा रुपिया वेगळा, आपले पावणेतीन हजारांच्या आतबाहेर, हे पटवायला मला वेळ लागला. मग तिनं हळूच विचारलं की पासपोर्ट कसा काढतात. नागपूर इथून पासष्ट-सत्तर किलोमीटर, पण आपली फाइल भोपाळकडं जाते, म्हणालो. तिच्या आधारवर नुसतं जन्मवर्ष आहे, आणि नाव सासरचं. माहेरचं नाव आता हाक मारायला मी धरून दोघं-तिघंच उरलो.

"किती मानसं?"

"बेचाळीस."

"एवढी तं आपल्या चुलत्यांतच हायेत." थोडं थांबून म्हणाली, "मंग आमाले सांगाले कायले आला गा?"

याचं उत्तर पुण्याहून आलं नव्हतं. खाली जाम नदी दिसत होती. हिच्याच काठी, वर पांढुर्ण्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी घेऊन नदीत उतरला आणि दोन्ही काठांवरून दगड आले, अशी तिची कथा. कुणालाच न सांगता केलेलं लग्न हा मुलूख अजून विसरलेला नाही. पण हे आत्याबाईला सांगण्यात अर्थ नव्हता. ती माझ्याहून जास्त पोळे बघून बसली आहे.

"मुहूर्त कितीचा?"

"तिथले साडेपाच. ते आपल्याहून अडीच तास पुढं. म्हणजे इथं तीन."

"दुपारचे?"

"हो."

तिनं सुनेला कालनिर्णय उतरवून आणायला लावलं. तारखेभोवती गोल काढून घेतला आणि पुन्हा कापसात हात घातला. मी पायातल्या चपला शोधत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भावाले सांगजो, त्या दिवशी आमची चूल नाही पेटत."

मी वळून बघितलं. ती खाली मान घालून पाला काढत होती.