चोरीला गेलेली बावडी

श्याम बेनेगल म्हटले की लोक 'अंकुर', 'मंथन'ची नावे घेतात. मला त्यांचा २०१० साली आलेला 'वेल डन अब्बा' अधिक जवळचा. उर्दू लेखिका जिलानी बानो यांच्या कथेचाही त्याला आधार आहे. ड्रायव्हर अरमान अली सरकारी योजनेतून विहीर मागतो. लाच देता देता पैसे संपतात, विहीर कागदावरच. मग बापलेक पोलिसांत तक्रार देतात, आमची बावडी चोरीला गेली!

सुट्टीत अब्बांना हा सिनेमा दाखवला. ते पोट धरून हसले. घरकुलाच्या अर्जापायी तेही वर्षभर हेलपाटे घालत होते. पडद्यावरचा मुसलमान एकतर नवाब, नाहीतर अतिरेकी. इथे तो फॉर्म भरतो, दखनीत भांडतो. (बोमन इराणींचा डबल रोल मात्र जरा जास्तच झाला.)

सिनेमा संपला आणि अब्बा कपाटात अर्जाची पावती शोधू लागले.