वाढीचा हिशेब

उन्हाळा जवळ आला की पिंपरी-चिंचवडच्या पुलांवरून पवना दिसेनाशी होते. दिसतं ते काठापासून काठापर्यंत पसरलेलं हिरवंगार रान. नवख्या माणसाला कुरण वाटावं, पण ती जलपर्णी. अनुकूल पाणी मिळालं तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होणारी. मग यंत्रं येतात, काठावर ओले ढीग लागतात, डास आणि दुर्गंधीच्या बातम्या छापून येतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जलपर्णीला आपण नदीचा रोग म्हणतो. खरं तर ती रोगाची खूण आहे. घराघरांतून न शुद्ध होता आलेलं नत्र आणि स्फुरद ती खाते आणि फोफावते.

मी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात सांडपाण्याचं काम बघतो. तिथे हेच नत्र आणि स्फुरद वापरून मी मुद्दाम झाडं वाढवतो. कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत खडीने भरलेला एक लांबट वाफा आहे. त्यात कर्दळ, पाणकणीस आणि नळ लावलेत. कॅन्टीन आणि स्वच्छतागृहांचं पाणी आधी तेलाच्या सापळ्यातून आणि सेप्टिक टाकीतून येतं, मग या खडीतून संथपणे पुढे सरकतं. वर पाणी दिसत नाही, म्हणून डासही नाहीत. पेंट शॉपचं पाणी मात्र इथे येऊ देत नाही. त्यातल्या धातूंचं आणि रसायनांचं काम वेगळ्या प्रकल्पाचं, ते कर्दळीच्या आवाक्यातलं नाही.

पाहुण्यांना वाटतं, झाडं घाण शोषून घेतात. शोषतात, पण थोडी. खरं काम करतात खडीवर आणि मुळांवर वाढलेले जीवाणू. नळ किंवा पाणकणीस कापून पाहिलं तर आत पोकळ जाळी दिसते. त्या पोकळीतून हवा खाली मुळांपर्यंत जाते आणि मुळांभोवती थोडासा प्राणवायू झिरपतो. तिथले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. दोन बोटं पलीकडे प्राणवायू नसतो. तिथले दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडून देतात. १९५०च्या दशकात जर्मनीत केटे झाइडल या बाईंनी पाणवनस्पतींवर असे प्रयोग सुरू केले, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे फार नव्हते. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेने याच तत्त्वावर 'फायटोरिड' पद्धत विकसित केली.

वाफ्याची बाग करणाऱ्या मावशींना यातला एकही शब्द सांगावा लागला नाही. कर्दळीची पानं पिवळी पडली की त्या आधी तेलाचा सापळा उघडून बघतात. "सायेब, कॅन्टीनवाल्यानं परत तेल सोडलंया," असं त्या म्हणाल्या की बहुतेक वेळा तसंच असतं. तेलाचा थर खडीवर बसला की मुळं गुदमरतात. कर्दळीची लाल फुलं त्या देवाला नेत नाहीत. पण फेकतही नाहीत. कुंपणाला खोचून ठेवतात.

आमचा वाद होतो तो कापणीवरून. पावसाळा संपला की वाफा डोक्याइतका उंच होतो आणि नेमकं तेव्हाच कुठल्यातरी ऑडिटची तारीख येते. "इतकं छान वाढलंय, फोटो तरी होऊ द्या," असं वरून सांगणं येतं. कापणीतून बाहेर जाणारं नत्र एकूण नत्राच्या मानाने कमीच, हे मलाही ठाऊक आहे. पण न कापलेलं पाणकणीस वाळून खाली पडतं, कुजतं, खडीच्या फटी बुजवतं, आणि वरून पाणी वाहू लागतं. मग हिरवीगार बाग असते आणि तिच्या टोकाला घाण पाणी. म्हणून आम्ही अर्धा वाफा आत्ता आणि अर्धा महिन्याने कापतो. जलपर्णीतही पाणी शुद्ध करण्याचा गुण आहेच. फक्त नदीत तिच्यापाशी वेळेवर विळा घेऊन कुणी उभं नसतं. ती तिथेच मरते, आणि खाल्लेलं सगळं पाण्याला परत देऊन वर त्यातला प्राणवायूही संपवते.

मग शहरभर असे वाफे का करू नयेत? उष्ण हवामानात माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७ लाखांवर होती. म्हणजे १७० ते ३४० हेक्टर, तेही तेव्हाच्या वस्तीला. इथल्या जमिनीच्या भावात एवढी जागा कर्दळीला कोण देणार? मोठ्या शहराला यंत्रांचे प्रकल्पच लागतील. पण सोसायटी, शाळा, कारखान्याची कॅन्टीन, नदीकाठची वाढती गावं, इथे वाफा बसतो. तो वीज जवळपास मागत नाही, लक्ष मात्र रोज मागतो. आपल्याकडे वीज मिळणं सोपं, लक्ष मिळणं अवघड.

मावशी दर कार्तिकीला आळंदीला जातात. इंद्रायणीवर साबणाच्या फेसाचे पांढरे डोंगर तरंगतात, ते त्यांनी पाहिलेत. आता त्या डुबकी घेत नाहीत, चार थेंब डोक्याला लावतात. "आपल्या वाफ्यातलं पाणी तिकडंच जातं का?" त्यांनी एकदा विचारलं. जात नाही, आम्ही ते झाडांना घालतो, असं मी सांगितलं. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही.

गेल्या कापणीत तीन ट्रॉल्या निघाल्या. खताच्या खड्ड्यात टाकल्या. नोंद 'बागकाम' या सदरात करावी लागली, कारण सांडपाण्याच्या रजिस्टरमध्ये झाडांसाठी रकाना नाही.