मृतांची बाजू

दोन नोव्हेंबरच्या मिस्सात फादर मृतांची नावं वाचतात. यंदा मामाचं नाव आलं आणि माझी मान खाली गेली. मामा ट्रक चालवायचा. भेरूघाटात ट्रक उलटला. "ड्रायव्हरची चूक," मालक म्हणाला. ब्रेक शेवटचे कधी तपासले, हे आम्ही कोणी विचारलंच नाही.

मान खाली जायला कारण होतं. वादविवाद स्पर्धेसाठी मी 'ऑस्प्रे'बद्दल वाचत होते. हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठायचं, मग पंखे पुढे वळवून विमानासारखं उडायचं, असं हे अमेरिकी लष्करी यान. 8 एप्रिल 2000 ला ॲरिझोनात एक कोसळलं, 19 मरीन गेले. वैमानिक फार वेगाने खाली आले, असा ठपका बसला. पण तसं उतरताना पंख्याची उचलच नाहीशी होऊ शकते, हा धोका तेव्हा नीट तपासलेलाच नव्हता. ठपका पुसायला घरच्यांना 2016 उजाडलं. 2023 मध्ये जपानजवळ आणखी एक पडलं, 8 जण गेले. तिथे गिअरबॉक्समधलं दातेरी चाकच फुटलं होतं.

आपल्याकडे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ 17 सप्टेंबर 2001 ला मिग-21 च्या अपघातात गेले. दोष त्यांच्यावर आला. पण आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. मिगच्या सुरक्षिततेबद्दल जाहीर प्रश्न विचारत राहिल्या.

वैमानिक चुकतच नाहीत, असं नाही. पण मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून त्याची चूक सगळ्यांना सोयीची पडते.

घरी आल्यावर आईला विचारलं, "मामाच्या पंचनाम्याची प्रत आहे का गं?"

ती काही बोलली नाही. कपाटाची किल्ली मात्र काढून दिली.