पासून, पर्यंत, परवा

धानोऱ्याकडच्या त्या मुलीच्या घरी काळ कामाने मोजला जाई. मोहफुलं वेचायच्या वेळी, तेंदूपत्त्याच्या हंगामात, रोवणे आटोपल्यावर. 'परवा' मागचा की पुढचा, हे क्रियापद सांगे. 'परवा आली', 'परवा येईन'. घोटाळा होत नसे.

शाळेतल्या इंग्रजीत मात्र मागच्या परव्याला वेगळे शब्द, पुढच्याला वेगळे. 'पासून' त्याहून चिवट. 'तीन दिवसांपासून ताप आहे' याचं अख्खा वर्ग 'सिन्स थ्री डेज' करी. मास्तरांनी जिल्ह्याचंच उदाहरण घेतलं. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. ती घटना घडली 'इन १९८२'. जिल्हा आजही आहे, म्हणून तो 'सिन्स १९८२'. आणि किती वर्षं झाली ते सांगायचं तर 'फॉर'. सिन्सला सुरुवात लागते, फॉरला लांबी. म्हणून तापालाही 'फॉर थ्री डेज'. पुस्तकातल्या लंडनच्या वाक्यांनी हे इतकं पक्कं झालं नसतं.

'पर्यंत' नोकरीत आडवा आला. 'सोमवारपर्यंत अर्ज द्या' आणि 'सोमवारपर्यंत ऑफिस बंद', मराठीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत अर्जाला 'बाय', बंद ऑफिसला 'टिल'.

तिच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे आसपासच्या गावांचे दावे लिहायला ती बसू लागली, तेव्हा २००६च्या वनहक्क कायद्याची इंग्रजी प्रत समोर आली. तिथे या बारक्या शब्दांवर जमीन उभी होती. आदिवासी कुटुंबाचा जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५च्या 'बिफोर', म्हणजे आधीचा हवा. इतर पारंपरिक वननिवासींना त्याच तारखेच्या 'प्रायर टू' किमान तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं, तेही 'फॉर' लावून. कायद्याने पिढी २५ वर्षांची धरली आहे. म्हणजे ७५ वर्षं. हिशेब थेट १९३०पर्यंत मागे जातो. नुसतं 'बिफोर' वाचून कागद जोडले, तर अशा कुटुंबाचा दावा अपुरा पडतो.

१९३०चा कागद कुणाकडे असणार? पण नियमांत एक मोठी सोय आहे. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही पुरावा म्हणून चालतं.

"त्याच्या आज्यानं ही बांधी काढली, तवा माझा बाप लहान होता," एक म्हातारबा दावेदाराबद्दल सांगतात. ती ते तसंच उतरवते. मग विचारते, "आजोबा, तुमच्या बाबांचं लग्न झालं होतं का तेव्हा?" ते नाही म्हणतात. ती तेही लिहिते आणि म्हातारबांच्या वयावरून मागे मोजायला लागते.